पंचेचाळीस अंशांची सेटिंग

तुझी सेटिंग काढून टाकली, प्रमोद. तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी तुझं सामान आणायला कॉलेजात गेले होते. थर्मास, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि खुर्चीवरची बसून बसून चपटी झालेली उशी. तुमचा लॅब असिस्टंट मुकेश सर्व्हरच्या मशीनवर बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "दीदी, ऊपर से बोले हैं, सब डिफॉल्ट कर दो। आप बैठिए, पाँच मिनट का काम है।" मी बसले. काम पाच मिनिटांचंही नव्हतं. एक खिडकी उघडली, एक बटण दाबलं गेलं, मशीनने विचारलं की खात्री आहे का, आणि मुकेशने 'ओके' केलं. काळा पडदा पांढरा झाला. पंचेचाळीसचे सत्तावीस झाले.

मी बालाघाटच्या पेपरात ज्या डेस्कवर बसते तिथे मृत्यूची बातमी कशी लावायची ते ठरलेलं आहे: वय, पद, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. तुझी बातमीही मीच लावली, एका कॉलमात. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला फक्त त्या सेटिंगबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्यावरून आपलं बोलणं मे महिन्यात बंद झालं आणि नोव्हेंबरात ते सुरू करण्याची सोय राहिली नाही.

तुला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्याला लागेल. सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावर सर्किट काढायचं, त्यात खोटा करंट सोडायचा आणि खऱ्यात काय होईल ते आधी पाहायचं. काही जळत नाही, कोणाला शॉक बसत नाही. हे सॉफ्टवेअर जिथे बनलं तिथल्या सवयी घेऊन येतं. वीज तिथली, चिन्हं तिथली, आणि हवेचं तापमान सत्तावीस अंश, कारण कोणीतरी कधीतरी तसं ठरवलं. हे सगळं बदलता येतं. मेनूत एक जागा असते, 'प्रेफरन्सेस'. बहुतेक लोक तिथे जातच नाहीत. तू पहिल्यांदा तिथेच जायचास.

तुझ्या घरच्या पलंगावर लॅपटॉप ठेवून तू मला ते दाखवलं होतंस. साठ हर्ट्झ काढून पन्नास केले. रेझिस्टरचं चिन्ह डब्यासारखं होतं, ते आपल्या पुस्तकातल्यासारखं नागमोडी केलं. पडदा काळा केला, डोळ्यांना बरा म्हणून. मग तापमानावर थांबलास. मोठ्या बहिणीला तू 'बाई'च म्हणायचास.

"बाई, हे सत्तावीस कोनाच्या घरचं आहे? मे महिन्यात आपन फ्रिजमंदी बसून सर्किट चालवतो काय?"

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "त्या डब्ब्याले बी ऊन लागते काय रे? मंग ठेव माह्याजवळ. दोघं बी कूलरसमोर बसू."

तू हसलास, पण पंचेचाळीस टाकलेस. तुझं म्हणणं साधं होतं. शिकवायला लागण्याआधी तू स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करायचास. जानेवारीत नीट चाललेला बोर्ड मेमध्ये परत यायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्हीच बिघडवला. बोर्ड बिघडलेला नसायचा. तो सत्तावीस अंशांसाठी काढलेला असायचा आणि किरनापुरातल्या पत्र्याखाली टांगलेला असायचा. हे मला पटलं होतं. आजही पटतं. आपलं भांडण पंचेचाळीसवर नव्हतंच, हे आधी नोंदवून ठेवते.

उन्हाळाभर दुपारी तुझा फोन यायचा. माझ्या पानावर हवामानाची चौकट असते, ती मी भरते.

"जयभीम बाई. आज किती?"

"चव्वेचाळीस."

"मंग चव्वेचाळीस."

आणि फोन बंद. तुझ्या लॅपटॉपचं तापमान माझ्या चौकटीतून जायचं. डेस्कवरचे लोक विचारायचे, दीदी, भाऊ रोज काय विचारतो? मी सांगायचे, तापमान. त्यांना वाटायचं, मी काहीतरी लपवते आहे.

मग तू कॉलेजात लागलास. अतिथी शिक्षक, दर सत्राला नवी नेमणूक. कॉलेजचं नाव लिहीत नाही, खासगी होतं एवढं पुरे. तुझ्या लग्नाची बोलणी दोन ठिकाणी याच मुद्द्यावर अडली, मुलीकडचे विचारायचे, पक्की आहे का, आणि तू खरं सांगायचास. लॅबमधली सगळी मशीनं सुरू झाली की सर्व्हरवरून एकच सेटिंगची फाईल उचलतात. तू तुझी फाईल तिथे ठेवलीस. काळा पडदा, पन्नास हर्ट्झ, पंचेचाळीस अंश. लॅबमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या सर्किटला आता बालाघाटचा मे महिना लागणार होता. त्यांना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

इथे आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं होतं, "ठेव पंचेचाळीस. पन वर एक ओळ टाक. फळ्यावर लिही, नाही तर पडद्यावर चिकटव. हे पंचेचाळीसवर आहे, एवढंच."

"काहून?"

"आमच्याकडं बातमीच्या आधी गावाचं नाव राह्यते. कुठची बातमी आहे हे नाही लिहिलं तं ते बातमीच नाही."

"तू रोज छापते बालाघाट, बालाघाट. कोनी वाचते काय ते? सारे पुढून वाचतात."

"वाचत नाही म्हनून मी गाळत नाही."

"बाई, ओळ टाकली का ते वाचतील अन् विसरतील. न टाकता सापडलं पाह्यजे. इंजिनेर होनार आहेत ना हे? सापडन त्यायले."

"अन् नाही सापडलं तं?"

"सापडन."

यावर तू चहा प्यायलास आणि विषय संपला असं तुला वाटलं. मला तसं वाटलं नव्हतं.

सापडलं नाही. पूर्ण सत्र गेलं आणि कोणी विचारलं नाही की सर, पडद्यावरची रीडिंग मॅन्युअलशी का जुळत नाही. कारण तुलाही माहीत होतं आणि मलाही. आपल्याकडे प्रॅक्टिकलची फाईल सीनियरच्या फाईलवरून उतरवतात. सीनियरने त्याच्या सीनियरवरून उतरवलेली असते. प्रयोग होतो, मशीन चालू राहतं, पोरं गप्पा मारतात आणि फाईलमध्ये जुने आकडे चढतात. तू फाईल तपासायला घरी आणल्या होत्यास आणि मला बोलावून दाखवल्या. आधी तुला गंमत वाटली होती.

"पाह्य. पूरी बॅचची रीडिंग सत्तावीसची. मशीन पंचेचाळीसवर. म्हंजे पोट्ट्यायनं मशीनले विचारलंच नाही."

"मंग सांग त्यायले."

तू फाईल मिटल्यास. गंमत तोवर संपली होती. "पुढच्या बॅचले पाहू," म्हणालास.

पुढच्या बॅचमध्ये माझी निकिता होती.

निकिताला तू तुझा जुना लॅपटॉप दिला होतास. त्यावर सगळं तुझंच होतं, ती काळ्या पडद्यावरच शिकली. तिला सीनियरची फाईल लागली नाही, कारण मामा घरचा होता. ट्रान्झिस्टरचा जो प्रयोग परीक्षेत आला तो तिने घरी इतक्यांदा केला होता की आकडा पाठ होता. तो पंचेचाळीसचा आकडा होता, मॅन्युअलमधल्यापेक्षा जास्त. मॅन्युअलमधला वेगळा आहे हे तिला दिसलं होतं. तिने तुला विचारलंही होतं, आणि तू म्हणाला होतास, "मशीन काय म्हनते ते लिही." मला वाटलं होतं, घरच्या पोरीला तरी तू कारण सांगितलं असशील.

परीक्षेच्या खोलीत मी नव्हते. जे लिहिते आहे ते निकिताने सांगितलं आणि मुकेशनेही सांगितलं. दोघांचं जुळतं, म्हणून लिहिते.

भाची आहे, त्या बॅचला मी बसत नाही, असं तू विभागप्रमुखांना म्हणाला होतास. दुसरा माणूस नव्हता, म्हणून तुलाच अंतर्गत परीक्षक केलं. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी बसले होते, तू त्यांच्या शेजारी. लॅबचा एसी बंद होता. मुलं एकेक करून कागद आणत होती. सगळ्यांचा आकडा मॅन्युअलचा. मग निकिता आली.

"बेटा, ये वैल्यू कहाँ से आई?"

"सर, स्क्रीन पर यही आ रहा है।"

"मैन्युअल में क्या है?"

"वो अलग है सर।"

"बाकी सबका सही आया। तुम्हारी मशीन कोई स्पेशल है?"

मागे कोणीतरी हसलं. परीक्षक उठून तिच्या मशीनपाशी गेले, पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाले, कनेक्शन गलत होगा. शेजारच्या मशीनवर त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेही तोच आकडा होता, फक्त कागदावर दुसरा लिहिलेला होता. निकिताने तुझ्याकडे पाहिलं. मुकेश सांगतो, सर हाजिरीच्या कागदावर सह्या करत होते. निकिता सांगते, मामा सही करून झाल्यावरही कागदाकडेच पाहत होता.

ती नापास झाली. शेवटच्या सत्राच्या प्रॅक्टिकलमध्ये बॅक लागला. डिप्लोम्यावरून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता, नागपूरच्या कॉलेजात, ते वर्ष गेलं. ज्यांनी मशीनकडे पाहिलंच नव्हतं ते सगळे पास झाले आणि आता बाहेरगावी शिकत आहेत. माझं तुझ्याविषयीचं म्हणणं एवढंच आहे. बाकी जे काही आहे ते याच्याभोवती आहे.

त्या संध्याकाळी ती घरी आली, लॅपटॉप उघडला, मेनूत गेली आणि पहिल्यांदा ती जागा उघडली. तापमानासमोर पंचेचाळीस होतं. मग मला विचारलं, "मम्मी, मामा को पता था?"

मी चपला घातल्या आणि तुझ्याकडे आले.

तू कूलरमध्ये पाणी टाकत होतास. आठवतं का तुला, मी दारातच उभी राहिले होते.

"तू होता ना तिथं?"

"होतो."

"मंग?"

"तिनं बरोबर लिहिलं, बाई. पूऱ्या बॅचमंदी एकटीनं बरोबर लिहिलं."

"अन् गुन?"

"गुन त्यायच्या हातात."

"तुह्या हातात काय होतं?"

तू बादली रिकामी केलीस. दुसरी भरायला गेलास. कूलर भरून वाहायला लागला तरी टाकत होतास. आई आतून ओरडली, पानी खाली येऊन राह्यलं. मी परत फिरले. त्यानंतर तुझे फोन आले ते मी उचलले नाहीत. जून उजाडला तरी उन्हाळा होता, तू दुपारी ठरल्या वेळेला करायचास. काय विचारणार होतास ते मला माहीत होतं. तापमान पेपरात छापून येतंच, विकत घेऊन पाहावं.

पावसाळ्यात फोन बंद झाले. तुला नवीन सत्राची नेमणूक मिळाली, हे आईकडून कळलं. नोव्हेंबरात आईनेच फोन केला की तुला गोंदियाला नेत आहेत, छातीत दुखतं म्हणतो. मी पान सोडून निघाले. रस्त्यातच दुसरा फोन आला. तो कोणाचा होता, हे मी अजून नीट सांगू शकत नाही, आणि एरवी माझं असं होत नाही.

कॉलेजने शोकसभा घेतली. फोटो, हार, दोन मिनिटं मौन. विभागप्रमुख म्हणाले, प्रमोद जी ने इस लैब को अपना घर समझा. त्यांनी पाठवलेली प्रेसनोट संपादनाला माझ्याच टेबलावर आली. तीत तुला 'वरिष्ठ प्राध्यापक' केलं होतं. जिवंतपणी जे पद दिलं नाही ते मेल्यावर फुकट देता येतं. मी ते खोडून 'अतिथी शिक्षक' केलं. 'कर्तव्यनिष्ठ' काढलं, 'अपूरणीय' काढलं. राहिलेल्या मजकुराच्या चार ओळी झाल्या. 'घर समझा' ठेवलं, कारण ते कोणीतरी खरंच बोललं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच घरातली तुझी सेटिंग काढा असा निरोप गेला होता.

मुकेशने त्या दिवशी, 'ओके' केल्यावर, मला आणखी एक गोष्ट सांगितली. परीक्षेच्या दिवशी सगळे गेल्यावर तू विभागप्रमुखांच्या खोलीत गेला होतास. दार बंद होतं. मुकेश बाहेर कुलूप घेऊन उभा होता. त्याला तुझा आवाज आला, "गलती मेरी सेटिंग की है, बच्ची की नहीं।" आणि आतून उत्तर आलं, "फिर तो पूरी बैच की परीक्षा दोबारा करानी पड़ेगी। अगला सत्र पढ़ाना है कि नहीं?" तू बाहेर आलास आणि त्याला म्हणालास, लगा दो ताला.

हे मला एकाच माणसाने सांगितलं आहे. बंद दाराबाहेरून ऐकलेलं आहे, आणि तो आता तुझं भलं बोलायच्या मनःस्थितीत आहे. विभागप्रमुखांना विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि तू तर काही म्हणूच शकत नाहीस. मी असलं छापत नाही. इथे लिहिलं आहे ते अपुष्ट म्हणून लिहिलं आहे. खरं असलं तर तू बोललास, पण खोली रिकामी झाल्यावर, आणि एकदाच. खोटं असलं तर तेवढंही नाही. दोन्ही बाजूंनी हिशोब मांडून पाहिला, निकिताचं वर्ष दोन्हीकडे गेलेलंच निघतं.

आणि तरी एक गोष्ट तुझ्या बाजूने लिहावी लागेल, नाहीतर हे एकतर्फी होईल. माझ्या ऑफिसच्या मशीनची सेटिंगही तूच केली होतीस. ऐन पान लावायच्या वेळी लाईट गेली आणि माझं सगळं काम गेलं, तेव्हा तू टिफिनचा डबा हातात घेऊन आलास आणि माझ्या खुर्चीत बसलास. "बाई, तू साऱ्या जगाचं तापमान छापते, अन् सेव्ह करत नाही." दर थोड्या वेळाने आपोआप सेव्ह व्हावं असं तू करून दिलंस. ते अजून चालू आहे. पान लावताना मधेच पडदा एक क्षण अडकतो, कर्सर थांबतो, मग पुढे जातो. पूर्वी मी चिडायचे. आता तो अडकला की मी हात उचलते आणि वाट पाहते. ही सेटिंग काढायला वरून कोणी सांगितलेलं नाही.

निकिताची बॅकची परीक्षा डिसेंबरात झाली. तू गेल्याला फार दिवस झाले नव्हते. तयारीसाठी तिने लॅपटॉपवर सत्तावीस केले. मी मागे उभी होते. "काहून?" मी विचारलं. ती म्हणाली, "एग्ज़ाम है, मम्मी." पंचेचाळीस खोडताना तिने दोन्ही आकडे एकदम खोडले नाहीत, आधी पाच, मग चार.

लॅबमध्ये तोच प्रयोग, तेच बाहेरचे परीक्षक. पडदे पांढरे. आता मशीनचा आकडा, मॅन्युअलचा आकडा आणि सीनियरच्या फाईलचा आकडा एकच होता. तुझ्या म्हणण्याला त्या दिवशी हवेचाही आधार नव्हता, डिसेंबरात आपल्याकडे दुपारीही जेमतेम तेवढंच असतं. चौकट मीच भरली होती.

निकिताने कागद नेऊन दिला. परीक्षकांनी पाहिला.

"वैल्यू सही है। ये ऊपर क्या लिखा है?"

"तापमान, सर। सत्ताईस डिग्री।"

"पूछा था किसी ने?"

"नहीं, सर।"

"तो?"

"ये वैल्यू सत्ताईस पर आई है, सर। पैंतालीस पर दूसरी आती है।"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं की नाही, याबद्दल निकिता आणि मुकेश यांचं सांगणं वेगळं आहे. पुढचं जुळतं. परीक्षकांनी लाल पेनने ती वरची ओळ खोडली, खाली पूर्ण गुण दिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

ती ओळ टाकायला मी तिला सांगितलं नव्हतं. आपलं ते भांडण तिच्यासमोर कधी झालं नव्हतं. तिने ती कुठून आणली, मला माहीत नाही. तुझ्याकडून आणली नाही, एवढं नक्की.

काल घरी कोणी नसताना मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. मे महिन्यातलं, तुझ्या जागी बसून. सर, ये मशीन पैंतालीस पर है. एका श्वासात होतं, प्रमोद. मधे थांबावंही लागत नाही.